‘मी त्यांतला नव्हे’
आदिलाबादच्या अबकारीपासून सुशिक्षिताच्या पेल्यापर्यंत

मद्यपानाच्या प्रश्नाविषयी आमच्याकडे जे बोलले व लिहिले जाते, त्यात दारुड्याची मूर्ती बहुधा एकच असते. तो रस्त्याच्या कडेला पडलेला असतो, त्याची मजुरी गुत्त्यावर संपलेली असते, बायको भांडी विकून चूल पेटविते आणि मुले उपाशी निजतात. ही मूर्ती खोटी आहे असे कोणी म्हणणार नाही. खेड्यापाड्यांत सेवा करणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूने व धर्मशिक्षकाने ती डोळ्यांनी पाहिली आहे. परंतु प्रस्तुत लेखात ज्याचा विचार करावयाचा आहे, तो मनुष्य या मूर्तीत बसत नाही. तो शाळेत घंटेपूर्वी पोहोचतो, कचेरीतला हिशेब चुकवीत नाही, मुलांचे शुल्क वेळेवर भरतो, रविवारी उपासनेत शास्त्रपाठ वाचतो. आणि दररोज रात्री ठरलेल्या वेळी कपाट उघडतो. त्याला कोणी हटकलेच, तर त्याचे उत्तर तयार असते : मी त्यांतला नव्हे. लूकच्या शुभवर्तमानात मंदिरात उभा राहून प्रार्थना करणाऱ्या परूश्याचे समाधानही याच जातीचे होते, हे वाचकांना सांगावयास नको.

या इन्काराला त्या माणसाच्या मनाचा दोष मानून मोकळे होण्याची प्रथा आहे. आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. हे वाक्य त्याने स्वतः रचलेले नाही. ते त्याला शंभर-सव्वाशे वर्षांच्या कायद्यांनी, चळवळींनी आणि थोड्याफार प्रमाणात आमच्या प्रवचनांनीही तयार करून दिलेले आहे. ते कसे तयार झाले, याचा इतिहास पाहिल्यावाचून त्या माणसाशी बोलावयास जाणे व्यर्थ होईल.

हा इतिहास पाहण्यास आदिलाबादसारखा दुसरा जिल्हा क्वचितच सापडेल. निजामाच्या राज्यात १९०५ साली स्वतंत्र जिल्हा झालेला हा प्रदेश मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी आणि उर्दू या भाषांच्या संगमावर वसलेला आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत त्याचे किनवट व राजुरा हे भाग मुंबई राज्याकडे आले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. २०१४ साली तो तेलंगणात आला व २०१६ साली त्याचे चार जिल्हे झाले. कॅथोलिक धर्मसभेच्या व्यवस्थेतही १९९९ पर्यंत तो चांदा धर्मप्रांताचाच भाग होता. तेव्हा तेथील गोष्ट ही आम्हांस परक्या मुलखाची गोष्ट नव्हे.

या जिल्ह्याच्या डोंगराळ भागात गोंड, कोलाम, परधान, नायकपोड अशा जमाती पिढ्यान्‌पिढ्या राहत आल्या आहेत. मोहाचे झाड हे त्यांच्या जीवनाचा मोठा आधार. उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे गळलेली फुले वेचावयाची, वाळवावयाची, अडचणीच्या दिवसांत खावयाची, बाजारात विकावयाची आणि भिजवून त्यांचा अर्क काढावयाचा. हा अर्क देवतांना वाहिला जाई. लग्नात व मृताच्या क्रियाकर्मात त्याला नेमलेले स्थान होते. अबकारीच्या कायद्याने या व्यवहाराचे रूप पालटले. दारू गाळण्याचा व विकण्याचा हक्क सरकारचा ठरला; तो लिलावाने गुत्तेदाराला मिळू लागला; आणि घरच्या चुलीवर लावलेली भट्टी हा गुन्हा झाला. जे पूर्वी सणाचे होते ते दुकानाचे झाले, आणि दुकान रोज उघडे असते.

१९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कुमराम भीम मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधावयास लावले. मारलवाई या गावी राहून त्यांनी केलेला अभ्यास १९४८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ लागला. पुढे इतिहासकार म्हणून महाराष्ट्राला परिचित झालेले सेतुमाधवराव पगडी हेही त्याच काळात या जिल्ह्यात अधिकारी होते व गोंडांविषयी त्यांनीही पुस्तक लिहिले. हायमेनडॉर्फ यांचा निष्कर्ष स्पष्ट होता : गोंडांच्या हातून जमीन गेली, जंगल राखीव झाले आणि सावकार शिरला, हे दुःखाचे मूळ. तरीही कचेरीत आणि बाजारात गोंड म्हणजे दारू हे समीकरण टिकून राहिले. ते सोयीचे होते. जमीन का गेली या प्रश्नाला ‘दारूपायी गेली’ हे उत्तर दिले की ती कोणी घेतली हे विचारावे लागत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. अबकारीच्या दप्तरात पिणारा मनुष्य येतो तो आरोपी म्हणून किंवा उत्पन्नाचा आकडा म्हणून. ज्या अंमलदाराच्या सहीने ते कागद पुढे सरकत, त्याच्या संध्याकाळच्या पेल्याची नोंद होण्याचे कारणच नव्हते. लिहिणारा आपल्या लिखाणाबाहेर राहतो.

इंग्रजी मुलखातही गोष्ट फारशी वेगळी नव्हती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या मोडून दारूचे उत्पादन मोठ्या कारखान्यांकडे वळविले व सरकारी उत्पन्न वाढविले. १८८० साली महात्मा फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सभासद या नात्याने शहरात वाढू लागलेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. १९०८ साली पुण्यात याच दुकानांपुढे निरोधन झाले व लोकमान्य टिळकांनी त्यास पाठिंबा दिला. या प्रयत्नांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु सर्वांचे लक्ष दुकानावर होते. आणि जो दुकानात जात नाही, ज्याच्या घरी बाटली कागदात गुंडाळून येते, तो या लढ्याच्या कक्षेबाहेर राहिला.

१९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा सर्वांनाच लागू होता, असे कोणी म्हणेल. कागदोपत्री तो होताही. पण त्यात परवान्यांची योजना होती. परदेशी पाहुण्यांना परवाना, सैनिकांच्या भोजनगृहांना सवलत, आणि ज्याला प्रकृतीसाठी मद्य आवश्यक आहे असा दाखला डॉक्टर देईल त्याला आरोग्याचा परवाना. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा बव्हंशी वैध ठरविला. दाखला मिळविण्याइतकी ओळख, वेळ व पैसा ज्याच्याजवळ होता, तो पिणारा कायद्याच्या दृष्टीने रुग्ण ठरला. ज्याच्याजवळ नव्हता तो गुन्हेगार. दोघांच्या पोटात जाणारा पदार्थ एकच होता. ‘प्रकृतीसाठी थोडी घेतो’ हे वाक्य आजही कानी पडते. कधी काळी त्यावर सरकारी शिक्का मिळत असे, याचा विसर पडता कामा नये.

या सर्व प्रवाहाविरुद्ध पोहणारा एक मनुष्य मराठीत होऊन गेला. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे वारले आणि त्यानंतर महिनाही लोटला नाही तोच, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने त्यांचे ‘एकच प्याला’ बडोद्यास रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर यांची कीर्ती आम्ही वेगळी सांगावयास नको. या नाटकाचा खरा पराक्रम मात्र नायकाच्या निवडीत आहे. गडकऱ्यांनी गिरणी कामगार घेतला नाही, वनवासी घेतला नाही. त्यांनी वकील घेतला. बुद्धिमान, स्वाभिमानी, गरिबीतून स्वतःच्या बळावर वर आलेला. न्यायालयात झालेल्या अपमानाने तो पेटतो, त्याची सनद काही काळ स्थगित होते, आणि त्या जखमेवर औषध म्हणून त्याचाच कारकून तळीराम पहिला पेला पुढे करतो. सुधाकर चैनीसाठी पीत नाही, मानासाठी पितो. कर्तबगार माणसाच्या व्यसनाचे दार बहुधा याच बाजूस असते, हे गडकऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते.

त्यांची दुसरी ओळख अधिक मार्मिक आहे. तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळातील प्रवेश आम्ही विनोद म्हणून पाहतो व हसतो. पण तेथे चालते काय? तऱ्हेतऱ्हेची सुशिक्षित मंडळी मद्यपानाचे मंडन करीत बसलेली असतात. एकाला शास्त्राधार सापडतो, दुसऱ्याला सुधारणेचा, तिसऱ्याला आणखी कशाचा. अशिक्षिताला इन्कार करावयाचा झाला तर तो नुसते ‘नाही’ म्हणतो. शिकलेला मनुष्य आपली सगळी विद्या इन्काराच्या कामी जुंपतो. धर्मविद्या शिकलेल्यांस तर काना येथील लग्न आणि तीमथ्याला पौलाने दिलेला पोटदुखीविषयीचा सल्ला ही दोन्ही स्थळे तोंडपाठ असतात!

आणि तरीही या नाटकाचा एक परिणाम नाटककाराच्या हेतूविरुद्ध झाला, असे आमचे मत आहे. सुधाकराचा अंत इतका भयंकर आहे की प्रेक्षागृहात बसलेल्या पिणाऱ्याला त्यातूनही सुटका सापडते. सुधाकराची वकिली गेली, माझी नोकरी शाबूत आहे. त्याने मूल मारले, मी मुलांवर हात उचलीत नाही. म्हणजे मी सुधाकर नव्हे. पहिल्या अंकातला मनुष्य पाचव्या अंकाकडे बोट दाखवून निश्चिंत होतो. सिंधूविषयीही असेच झाले. मरणाच्या दारातदेखील ती नवऱ्यावर दोष येऊ देत नाही. प्रेक्षकांनी डोळे पुसले आणि तिला पातिव्रत्याचा आदर्श मानले. घरातले असे झाकणेच व्यसनाला वर्षानुवर्षे आसरा देते, हा विचार रंगभूमीबाहेर फारसा गेला नाही.

आदिलाबादकडे पुन्हा वळू. १९९२ साली नेल्लोर जिल्ह्यातील दुबगुंटा या गावी साक्षरता वर्गांत येणाऱ्या स्त्रियांनी दारूच्या दुकानाविरुद्ध उठाव केला आणि पाहता पाहता तो आंध्र प्रदेशभर पसरला. आंध्रात ‘सारा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्वस्त देशी दारूचा लिलाव स्त्रियांनी ठिकठिकाणी बंद पाडला. १ ऑक्टोबर १९९३ पासून सरकारने साऱ्यावर बंदी घातली. स्वातंत्र्योत्तर भारतातील स्त्रियांच्या थोर विजयांत त्याची गणना व्हावी. परंतु तारखा नीट पाहाव्या. सारा बंद झाला तेव्हा बाटलीतली विदेशी दारू चालूच होती. ती बंद झाली एन. टी. रामाराव पुन्हा सत्तेवर आल्यावर, १६ जानेवारी १९९५ रोजी. आणि १९९७ साली बंदी उठली ती मुख्यतः याच बाटलीसाठी. साऱ्यावरील बंदी मागे घेण्यात आली नाही. मजुराचा पेला पंधरा महिने आधी गुन्हा ठरला आणि नंतरही गुन्हाच राहिला. साहेबाच्या पेल्याला मात्र कायद्याने मध्यंतरापुरतीच विश्रांती दिली.

(‘भारतीय बनावटीची विदेशी दारू’ हा सरकारी शब्दप्रयोगही नमुनेदारच म्हणावयाचा. आपली ती नव्हे असे सांगण्याची हौस नावातच आहे.)

त्या उठावात उतरलेल्या स्त्रिया नवऱ्याच्या व्यसनाविषयी चारचौघांत बोलू शकल्या, कारण ते व्यसन चारचौघांतच घडत होते. शिक्षकाच्या, कारकुनाच्या, अभियंत्याच्या पत्नीला हे शक्य नव्हते. तिने कोणत्या दुकानापुढे बसावयाचे? तिच्या घरी भांडी विकली जात नव्हती. तिचा नवरा पगार आणून देत होता. शेजारणींच्या दुःखापुढे आपले दुःख सांगण्याची तिला लाज वाटे. इन्कार हा एकट्या पुरुषाचा नसतो. घर त्यात सामील होते.

आमच्या बाजूच्या जिल्ह्यांचा अनुभवही विचारार्ह आहे. वर्धा १९७५ पासून, गडचिरोली १९९३ पासून दारूबंदीखाली आहे. चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि अवैध व्यापार वाढल्याचे कारण देऊन २०२१ साली उठली. तिकडे तेलंगणात २०२३ साली २,६२० दुकानांच्या परवान्यांसाठी १ लाख ३० हजारांहून अधिक अर्ज आले आणि सोडतीने दुकाने वाटली गेली. एका अर्जाचे परत न मिळणारे शुल्क २ लाख रुपये होते. दुकानात बाटली आहे, ती घेणारा मजूरही आहे व मास्तरही. मोह आणि विदेशी यांच्यातली जुनी भिंत पुष्कळशी पडली. ‘मी त्यांतला नव्हे’ हे वाक्य मात्र उभेच आहे.

वैद्यकाने या वाक्याचा छडा तसा उशिराच लावला. १९६० साली जेलिनेक या संशोधकाने मद्यासक्तीचे प्रकार सांगताना एका प्रकाराकडे लक्ष वेधले. यातील मनुष्य कधी झिंगलेला दिसत नाही, एका बैठकीत किती घ्यावयाची यावर त्याचा ताबा असतो, परंतु एक दिवसही न घेता राहणे त्याला शक्य होत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीच्या अभ्यासात मद्यावर अवलंबून असलेल्यांपैकी १९.५ टक्के लोक मध्यमवयीन, सुशिक्षित, स्थिर नोकरीचे व संसारी आढळले. त्यांची कर्तबगारी हा आजार नसल्याचा पुरावा नव्हता. ‘मला चढत नाही’ हे तर अभिमानाने सांगितले जाते. शरीराला सवय जडल्याचे ते चिन्ह आहे. ज्याला चढत नाही तो अधिक घेतो आणि यकृत झिजत जाते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरचे शल्यवैद्य डॉ. रॉबर्ट स्मिथ यांचे. हा गृहस्थ कित्येक वर्षे रात्री पीत असे व सकाळी हात स्थिर राहावे म्हणून गुंगीचे औषध घेऊन रुग्णालयात जात असे. मे १९३५ मध्ये त्याची बिल विल्सन या दुसऱ्या व्यसनग्रस्ताशी भेट झाली. बिलने त्याला उपदेश केला नाही. स्वतःची हकीकत सांगितली. डॉक्टर त्यानंतरही एकदा घसरला. १० जून १९३५ रोजी एका शस्त्रक्रियेपूर्वी हात कापू नयेत म्हणून त्याला बिअरची एक बाटली देण्यात आली, आणि तीच शेवटची ठरली. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संघटनेचा आरंभ त्या दिवसापासून मानतात. १९५७ साली ती मुंबईत पोहोचली. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केले ते प्रथम गर्दच्या साथीमुळे. पण दारूचे रुग्णही तेथे मोठ्या संख्येने येऊ लागले.

वरील प्रसंगातली बिअरची बाटली आमच्या बंधूंनी विशेष लक्षात ठेवावी. तिचे अनुकरण करावे म्हणून नव्हे. वेदीपुढे शपथ देण्याची आमची परंपरा जुनी आहे. आयर्लंडमध्ये फादर थियोबाल्ड मॅथ्यू यांनी १८३८ पासून लाखोंना ती दिली. डब्लिनचा मजूर मॅट टॅलबट याने १८८४ साली तीन महिन्यांची शपथ घेतली आणि १९२५ साली मृत्यू येईपर्यंत पाळली. परंतु वर्षानुवर्षे रोज पुष्कळ घेणाऱ्याने एकाएकी सोडली तर पहिल्या दोन-चार दिवसांत हातपाय कापणे, झटके, भ्रम यांनी त्याच्या जिवावर बेतू शकते. त्याला शपथेआधी डॉक्टरांकडे नेणे अवश्य आहे. शपथ मोडली म्हणून ज्यांना आम्ही दुबळ्या श्रद्धेचे ठरविले, त्यांतले कित्येक सकाळच्या थरथरीने हरलेले असतील.

अमेरिकन डॉक्टर यूइंग यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेले चार प्रश्न धर्मशिक्षकालाही विचारता येण्याजोगे आहेत : कमी करावी असे कधी वाटले का, कोणी त्याविषयी बोलले तर राग आला का, अपराधी वाटले का, सकाळी उठताच घ्यावी लागली का. दोन प्रश्नांना ‘होय’ आले तर वैद्याचा सल्ला घ्यावा. या प्रश्नांत नोकरी गेली का, मारहाण केली का, रस्त्यात पडलात का, असे काही नाही. म्हणूनच ‘त्यांतला नव्हे’ म्हणणाऱ्यालाही त्यांचे उत्तर द्यावे लागते.

आता आमच्याच घराविषयी. पौलाने तीमथ्याला लिहिताना अध्यक्ष व सेवक हे मद्यासक्त नसावेत असे सांगितले, म्हणजे पहिल्या शतकातही हा प्रश्न मंडळीच्या पुढाऱ्यांपर्यंत पोहोचला होता. १९४३ साली इंडियानापोलिसचे फादर राल्फ फाउ यांनी आपले व्यसन मान्य करून वर उल्लेखिलेल्या संघटनेत प्रवेश केला आणि पुढे टोपणनावाने पुस्तके लिहून असंख्यांना वाट दाखविली. १९९५ साली रोमच्या श्रद्धासिद्धांत परिषदेने व्यसनग्रस्त धर्मगुरूंना मिस्सेसाठी न आंबविलेला द्राक्षरस वापरण्याची अनुमती देण्याविषयी बिशपांना नियम घालून दिले. असा नियम करावा लागला यात लाज नाही. लाज आहे ती झाकण्यात. फादरांची प्रकृती बरी नाही असे सांगून धर्मशिक्षक प्रार्थना उरकतो, मंडळी समजून घेते, वरिष्ठांना कळविले जात नाही, कारण मनुष्य कामाचा आहे. सिंधू फक्त संसारातच असते असे नाही.

या बाबतीत ऑगस्टीनने आपल्या ‘कबुलीजबाब’ या ग्रंथात, चौथ्या शतकाच्या अखेरीस, आपल्या आईविषयी जे लिहिले आहे ते आम्हांस नेहमीच आश्चर्यकारक वाटते. मोनिका सुखवस्तू, ख्रिस्ती, वळणदार घरातली मुलगी. तिला वाढविणारी वृद्ध दासी इतकी करडी की जेवणाच्या वेळेखेरीज पाणीही पिऊ देत नसे. तरीही पिंपातून द्राक्षारस काढावयास पाठविले असता मुलगी ओठ ओले करी, मग घोट घेई, आणि होता होता जवळजवळ भरलेले पेले रिकामे करू लागली. आईबापांना कळले नाही. करड्या दासीला कळले नाही. कळले होते ते तिच्याबरोबर कोठीत जाणाऱ्या एका लहान दासीला. एके दिवशी दोघींचे भांडण जुंपले आणि त्या दासीने मालकिणीच्या तोंडावर ‘बेवडी’ या अर्थाचा एक शब्द फेकला. मोनिकेने स्वतःकडे पाहिले व त्या क्षणापासून सोडले. व्यसन अजून मुरले नव्हते, हे खरे. पण बिशप झालेला मुलगा आईच्या मृत्यूनंतर, तिच्या स्तुतीच्या ओघातच, हे लिहून ठेवतो. आणि त्या दासीला सुधारावयाचे नव्हते, केवळ डिवचावयाचे होते, हेही तो लपवीत नाही.